खण: घराचा, चोळीचा आणि शिवणयंत्राचा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठीत 'खण' हा शब्द मोठा गमतीचा आहे. जुन्या काळी घर केवढं आहे हे सांगताना 'पाच खणांचं घर' असं म्हणत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. सवाष्णीची ओटी भरताना नारळाबरोबर चोळीचं कापड देतात, तोही खण. आणि टेबलाचा किंवा कपाटाचा ओढून उघडायचा कप्पा, तोसुद्धा खणच. जागा, कापड आणि कप्पा या तीन गोष्टींना आपल्या भाषेनं एकच नाव दिलं. आज ज्या विषयाबद्दल बोलायचं आहे, त्यात हे तिन्ही खण एकमेकांत गुंतलेले आहेत. विषय तसा साधा आहे: घरातलं शिवणकाम, त्याचा पसारा आणि तो आवरून ठेवण्याची रीत.

पसारा आवरण्याला कसला आलाय इतिहास, असं कोणी म्हणेल. पण घरात कोणाच्या वस्तूंना ठरलेली जागा आहे आणि कोणाला रोज आपलं काम गुंडाळून जागा मोकळी करून द्यावी लागते, यावरून त्या घरातल्या माणसांची पायरी कळते. मालकाची बैठक ठरलेली असे, हिशेबाच्या पेटीला कोनाडा असे, देवाला देवघर असे. घरातल्या बाईच्या सुईदोऱ्याला मात्र शतकानुशतकं स्वतःची अशी जागा नव्हती. ती कशी मिळाली, याची ही गोष्ट आहे.

शिवणकामाला जागा होती ती शिंप्याच्या दुकानात. शिवणं हा आपल्याकडे जुना, प्रतिष्ठेचा व्यवसाय. संत नामदेव (१२७० ते १३५०) शिंपी समाजातले. अनेक जुन्या गावांत आजही शिंपी आळी आहे. शिंप्याला बाजारात ओटा असे, गज आणि कात्री ठेवायला हाताशी जागा असे, बेतलेलं कापड एका बाजूला आणि शिवलेलं दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी असे. त्याचं काम दिसत असे आणि त्याचा मोबदलाही ठरलेला असे. घरातलं शिवणकाम मात्र दिसतच नसे. फाटलेल्या धोतराला ठिगळ लावायचं, दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग जोडून दांड घालून एक लुगडं करायचं, बाळंतिणीसाठी दुपटी शिवायची आणि थंडीच्या आत घरातल्या माणसांना पुरतील एवढ्या गोधड्या तयार ठेवायच्या, ही सगळी कामं दुपारची जेवणं उरकल्यावर, भांडी झाल्यावर, दिवस मावळायच्या आत करायची असत.

मग या कामाचं सामान राहायचं कुठे? तर गाठोड्यात. जुन्या धोतराच्या चौकोनी तुकड्यात बांधलेलं आणि खुंटीला टांगलेलं किंवा माळ्यावर टाकलेलं गाठोडं म्हणजे घरातल्या बाईचं शिवणघर. बाहेरून पाहणाऱ्याला तो चिंध्यांचा ढीग वाटे, पण आत शिस्त असे. लुगड्याचे काठ आधी वेगळे काढून ठेवलेले असत, कारण लुगडं विरलं तरी काठ टिकतो. तो गोधडीच्या कडेला लावायला उपयोगी. पदराचा भाग रंगीत आणि नक्षीदार, म्हणून तो वरच्या बाजूसाठी. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर आतल्या थरांसाठी. ओटीत आलेले खण आधी पेटीत जपले जात, मग त्यांच्या चोळ्या होत आणि चोळी फाटली की तिचे तुकडे पुन्हा याच गाठोड्यात येत. कापड कितव्या आयुष्यात आहे, हे त्या गाठोड्यातल्या जागेवरून कळत असे.

गाठोड्यातलं सगळंच गोधडीत जात नसे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली की घरात एक छोटा न्यायनिवाडा चाले: कोणतं लुगडं द्यायचं आणि कोणतं ठेवायचं. पातेल्याच्या मोहानं चांगलं मऊ सुती लुगडं देऊन टाकलं तर पुढच्या हिवाळ्यात गोधडीला एक थर कमी पडे. त्यामुळे गाठोडं आवरणं म्हणजे वर्षाचा हिशेब मांडणं होतं. फक्त तो वहीत न मांडता कापडात मांडलेला असे.

गोधडी शिवायला घेतली की मात्र गाठोड्याची जागा पुरत नसे. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून अधिक लांबीचं कापड. ते दुमडून, त्यावर थर अंथरून, सुरकुती न पडता बसवायचं तर मोठी, कोरडी, सपाट जागा हवी. म्हणून गोधडीचा मोसम ठरलेला असे. सुगी संपलेली, शेतात काम कमी, अंगण सारवून खडखडीत वाळलेलं, असे उन्हाळ्याचे दिवस या कामाचे. ओसरीवर, पडवीत नाहीतर देवळाच्या मंडपात थर अंथरले जात. वाऱ्यानं ते सरकू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले जात. मग शेजारच्या दोघीतिघी येऊन बसत आणि धावदोरा सुरू होई. बऱ्याच ठिकाणी टाके कडेकडेनं सुरू करून चौकोनातून चौकोन काढत मध्यापर्यंत नेत. यामागे हिशेब असतो. कडा आधी पक्क्या झाल्या की आतले थर इकडेतिकडे सरकत नाहीत.

दक्षिण महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी म्हणतात. बंगालची कांथा, सिंधची रल्ली ही याच कुळातली. बंगालमध्ये तर कांथेसाठी दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून काढत. जिथे सुती कापड होतं आणि ते टाकून देण्याची ऐपत नव्हती, तिथे तिथे बायकांनी हीच युक्ती शोधून काढली. आणि सगळीकडे एक अडचण सारखी होती. जागा उसनी असे. संध्याकाळी पुरुष घरी यायच्या आत, गुरं गोठ्यात परतायच्या आत, अर्धी शिवलेली गोधडी गुंडाळून ओसरी मोकळी करावी लागे. नीटनेटकेपणाचा अर्थ त्या काळी एवढाच होता, की आपण इथे काम करत होतो याची खूणही मागे राहू द्यायची नाही.

या आवराआवरीत सगळ्यांत जपायची वस्तू म्हणजे सुई. आज सुयांचं पाकीट अगदी स्वस्तात मिळतं, त्यामुळे सुईची किंमत आपल्याला कळणं अवघड आहे. यंत्रावर तयार झालेल्या सुया स्वस्त झाल्या त्या एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमधलं रेडिच हे गाव त्या शतकात जगाला सुया पुरवत होतं. आपल्याकडे त्या गावोगाव पोहोचल्या त्या सुया, पोत आणि बिब्बे विकत हिंडणाऱ्या बायकांच्या टोपलीतून. घरात दोनतीन सुया आणि एखादा दाभण असे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, सुई चटकन गंजते. म्हणून ती तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात टोचून ठेवत.

पण खरी भीती गंजाची नव्हती, सुई हरवण्याची होती. सारवलेल्या जमिनीवर पडलेली सुई दिसत नाही. घरातली माणसं अनवाणी, रांगतं मूल जमिनीवर आणि गोठा ओसरीला लागून. झाडलोटीबरोबर सुई वैरणीत गेली तर गाय किंवा म्हैस ती गिळते, कारण ही जनावरं चारा नीट न चावता आधी पोटात ढकलतात. गिळलेली सुई दुसऱ्या पोटात, म्हणजे जाळीसारख्या अस्तराच्या पोटात, अडकते. तिथून पडद्याच्या पलीकडेच हृदय असतं. सुई पुढे सरकत हृदयाच्या आवरणाला भिडली की जनावर चारा सोडतं आणि बहुधा दगावतं. पशुवैद्यकाला हा आजार आजही चांगला परिचयाचा आहे. ज्या घराचा संसार एका म्हशीवर चालतो, तिथे एक सुई हरवणं ही केवढी गोष्ट असेल! म्हणून गोधडी गुंडाळताना सुया मोजायच्या, हा नियम. दिवेलागण झाल्यावर सुई कोणाला देऊ नये, घेऊ नये आणि शिवायलाही बसू नये, या समजुती आपण अंधश्रद्धा म्हणून सोडून दिल्या. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात सुई हातातून निसटली तर सापडणार नाही, एवढं साधं शहाणपण त्यांच्यामागे असावं, असं मला वाटतं.

चिंध्या आणि स्वच्छता यांचा संबंध महाराष्ट्राला एका माणसानं कायमचा शिकवला. संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) चिंध्या जोडलेला अंगरखा घालत, म्हणून लोक त्यांना 'गोधडे महाराज' म्हणत. हातात मात्र खराटा. फाटकं असणं आणि अस्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी शब्दांपेक्षा आपल्या वेषानं जास्त सांगितलं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना ते मनोमन पटलं असणार, कारण जुन्यातून धड करायचं हे त्यांचं रोजचंच काम होतं.

आता दुसऱ्या खणाकडून तिसऱ्याकडे येऊ. अमेरिकेत एलियस होवे यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. हातानं शिवायला साडेचौदा तास लागणारा पुरुषाचा शर्ट यंत्रावर सव्वा तासात होतो, असा हिशेब १८६० च्या सुमारास एका यंत्र कंपनीनं प्रसिद्ध केला होता. कंपनीचाच आकडा, तेव्हा तो थोडा फुगवलेला असेल असं धरलं, तरी फरक मोठाच होता. पण यंत्र महाग होतं. १८५६ पासून सिंगर कंपनीनं ते हप्त्यांनी द्यायला सुरुवात केली आणि यंत्र मध्यमवर्गीय घरात शिरलं. भारतात सिंगरची यंत्रं आली ती १८७० च्या दशकात. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल हे बरीच वर्षं कंपनीचे इथले मुख्य एजंट होते. सुरुवातीचे गिऱ्हाईक अर्थातच शिंपी. घरात यंत्र यायला आणखी काही दशकं गेली.

यंत्रामुळे वेळ वाचला, हे सगळेच सांगतात. त्यानं जागेचं काय केलं, इकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. गाठोडं खुंटीला टांगता येतं. पायाचं मशीन खुंटीला टांगता येत नाही. बिडाची जड चौकट, खाली पायटा, वर लाकडी फळी, असा तो ऐवज एकदा खिडकीपाशी ठेवला की तिथेच राहतो. म्हणजे घरातली दीडदोन हात जागा शिवणाऱ्या बाईच्या नावानं कायमची लागली. आणि त्या फळीखाली, उजव्या-डाव्या बाजूला, छोटे छोटे खण होते. त्यांत रिळं, बॉबिन, तेलाची कुपी, खडू, फीत, हुक आणि बटणं. काही मशीनच्या खणांना कुलूपही असे.

या खणांचं मोल आज लक्षात येणार नाही. एकत्र कुटुंबात सासूकडे कोठीच्या किल्ल्या असत, सासऱ्याकडे पैशाच्या. सुनेचं म्हणावं असं माहेरून आलेल्या ट्रंकेपलीकडे काही नसे. मशीनचा खण ही बहुतेक तिच्या हक्काची पहिली बंद होणारी जागा. दुसऱ्या कोणाला तो उघडायचं कारणच नसे. म्हणून त्यात रिळांच्या मागे इतरही गोष्टी सापडत: साठवलेले सुटे पैसे, माहेरचं पत्र, मुलाच्या बारशाला शिवलेल्या टोपडीचा उरलेला तुकडा.

मशीन बनवणाऱ्यांनाही या पसाऱ्याची कल्पना होती. सिंगर कंपनीनं १८८९ मध्ये एक घडीची लाकडी पेटी आणली. मिटली की छोटी डबी. उलगडली की सपाट पसरणारी आणि प्रत्येक सुट्या भागाला आपापली ठरलेली खाच असलेली. एखादा भाग परत ठेवला नाही तर रिकामी खाच लगेच डोळ्यांत भरे. आपल्या बायकांची सुया मोजण्याची रीत आणि ही पेटी, दोन्हींमागचा विचार एकच. वस्तू हरवल्यावर शोधण्यापेक्षा ती हरवली आहे हे ताबडतोब कळलं पाहिजे.

महात्मा गांधींचा यंत्रांना विरोध होता, असं आपण शाळेत शिकतो. पण १९२४ मध्ये झालेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केलं. माणसाचा, विशेषतः घरातल्या बाईचा, कंटाळवाणा कष्ट वाचवण्यासाठी प्रेमापोटी झालेला हा शोध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सिंगर यांचं खरं चरित्र पाहिलं तर ते इतकं प्रेमळ दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. पण यंत्राच्या उपयोगाबद्दल गांधीजी चुकले नव्हते.

महाराष्ट्रात हे त्याआधीच काहींनी ओळखलं होतं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात निराधार स्त्रियांना शिवण-विणकाम शिकवलं जाई. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्षा होत्या. तिथेही शिवणाचे वर्ग चालत. पुढे गावोगावच्या महिला मंडळांनी तेच केलं. त्या काळच्या विधवेला किंवा टाकलेल्या बाईला घराबाहेर नोकरी मिळणं अवघड होतं. शिवण ही अशी विद्या होती, की जी घरात बसून, कोणाची परवानगी न मागता, पैसा मिळवून देई.

पैसा आला की आवराआवरीचा अर्थ बदलला. घरचं ठिगळ उद्यावर ढकललं तरी चालतं. गिऱ्हाइकाचं कापड मात्र हरवून चालत नाही, त्यावर तेलाचा डाग पडून चालत नाही, एकीचं अस्तर दुसरीच्या पोलक्याला लागून चालत नाही. म्हणून प्रत्येक कापडाची स्वतंत्र गुंडाळी, त्यातच गिऱ्हाइकाचं मापाचं पोलकं, वर नावाची चिठ्ठी आणि मापांची वही वेगळी. मुलींच्या शाळांतही शिवणाच्या तासाला नमुन्यांची वही असे. धावदोरा, टीप, हातशिलाई, काज, हुक, प्रत्येकाचा बोटभर तुकडा शिवून पानावर चिकटवायचा आणि खाली नाव लिहायचं. गाठोड्यात पिढ्यान् पिढ्या मुका राहिलेला हिशेब असा पहिल्यांदा कागदावर आला.

जागेची खरी परीक्षा झाली ती मुंबईच्या चाळींत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, मोरी, चूल आणि गावाहून आलेले पाहुणे. अशा घरात मशीन आलं की ते दाराशी किंवा खिडकीशी, उजेडाच्या जागी बसे. दुपारी ते मशीन असे. संध्याकाळी त्याचं डोकं आत पाडून वर फळी बंद केली की ते मुलाचं अभ्यासाचं टेबल होई, रात्री त्यावर पाण्याचा तांब्या. चिंध्यांसाठी डालड्याचा रिकामा डबा, बटणांसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. एका खणाच्या खोलीत एकच वस्तू दिवसभरात तीन कामं करायची, पण दुपारच्या त्या तीनचार तासांत तिच्यावर हक्क एकीचाच असे. किती मुलांच्या शाळेच्या फिया त्या तीनचार तासांतून निघाल्या, याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.

दरम्यान यंत्र देशी झालं होतं. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं १९३० च्या दशकात 'उषा' शिवणयंत्र बनवायला सुरुवात केली. लुधियानाही यंत्रांचं मोठं केंद्र बनलं. रुखवतात मशीन मांडलं जाऊ लागलं. काहींनी ते हुंड्यातला एक नग म्हणून मोजलं, हे खरं. पण अनेक आयांनी ते मुलीला दिलं ते एका वेगळ्या हिशेबानं. दागिना सासरी मोडला जाऊ शकतो, हातातली विद्या मोडता येत नाही.

पुढे तयार कपडे स्वस्त झाले, साड्या कृत्रिम धाग्याच्या झाल्या आणि घाम न शोषणाऱ्या त्या कापडाची गोधडी कोणाला आवडेना. अनेक घरांत मशीनवर चादर पडली. ते संपलं असं वाटत असतानाच २०२० मध्ये करोनाची साथ आली. बाजारात मास्क मिळेनात, तेव्हा राज्यभरातल्या बचत गटांच्या महिलांनी मशीनवरच्या चादरी काढल्या आणि घरच्या घरी मास्क शिवले. टाळेबंदीत कारखाने बंद होते, पण खिडकीजवळची दीडदोन हात जागा चालू होती.

आता नवी यंत्रं छोटी, विजेवर चालणारी आणि कपाटात मावणारी आहेत. त्यांना खण नाहीत. जुनी पायाची मशीनं भंगारात जातात किंवा त्यांच्या बिडाच्या चौकटीवर काच टाकून हॉटेलात टेबलं होतात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून त्या वापरणाऱ्यांच्या हातांचा इतिहास आपल्याला राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतो. मशीनच्या खणातल्या ऐवजाकडेही त्याच नजरेनं पाहायला हवं. घरातलं जुनं मशीन काढायची वेळ आली तर आधी त्याचे खण सावकाश उघडा. मापांची वही, नमुन्याचे तुकडे, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं बाजूला काढून ठेवा. तळाशी वर्तमानपत्राचे कापलेले आकार सापडतील: एक बाही, एक गळा, एखादा कटोरीचा तुकडा. त्यांवरच्या बातम्या केव्हाच शिळ्या झालेल्या असतील, पण ती बाही कोणाच्या मापाची होती, हे सांगणारं माणूस कदाचित अजून घरात असेल. ते आहे तोवर विचारून घ्या आणि त्या कागदावर नाव लिहून ठेवा.